उत्तरकालीन रोमन नाणी कशी ओळखावीत: मागची बाजू आधी, चेहरा शेवटी

रोमन नाणं हातात आलं की नवा संग्राहक आधी सम्राटाचा चेहरा बघतो. नीरो किंवा हेड्रियनच्या नाण्यांना हे चालतं, कारण त्या काळचे ठसे कोरणारे कारागीर खऱ्या माणसाचा चेहरा काढत. इ. स. २९४ च्या सुमारास सम्राट डायोक्लिशियनने नाणेपद्धत नव्याने बसवली. त्यानंतर हळूहळू सगळे सम्राट एकसारखे दिसू लागले: उजवीकडे पाहणारा, मोठ्या डोळ्यांचा, डोक्यावर पट्टा बांधलेला पुरुष. नावांनी गोंधळ आणखी वाढतो. कॉन्स्टंटाइन पहिला आणि दुसरा, कॉन्स्टंशियस पहिला आणि दुसरा, कॉन्स्टन्स, शिवाय कॉन्स्टंशियस गॅलस. झिजलेल्या नाण्यावर ‘कॉन्स्टॅन’ एवढंच उरलं असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही.

मागच्या बाजूचं तसं नाही. लंडनपासून अलेक्झांड्रियापर्यंतच्या टांकसाळी अनेकदा एकाच वेळी एकच नक्षी पाडत, आणि काही वर्षांनी ती बंद करून दुसरी सुरू करत. त्यामुळे नक्षी आणि नाण्याचा आकार एवढ्यावर बहुतेक वेळा पाच-दहा वर्षांचा काळ ठरतो. मग टांकसाळीची खूण, मग पदवी, आणि नाव सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला तर अर्धं पुसलेलं नाणंही ओळखता येतं.

(या लेखात नाण्यावरची अक्षरं उच्चाराने किंवा अक्षरांच्या इंग्रजी नावांनी दिली आहेत. नाण्यावर ‘यू’ कधीच दिसणार नाही, त्या जागी ‘व्ही’ असतो.)

काय साहित्य लागतं

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, व्हर्नियर कॅलिपर, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि मान वाकवता येणारा टेबललॅम्प. यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू दिवा. वरून थेट पडणाऱ्या उजेडात झिजलेली अक्षरं सपाट दिसतात. दिवा नाण्याच्या पातळीपर्यंत खाली आणा, खोलीतले बाकीचे दिवे बंद करा आणि नाणं जागच्या जागी हळूहळू फिरवा. एका कोनात गायब असलेलं अक्षर दुसऱ्या कोनात सावलीने उठून दिसतं. मोबाइलने चार दिशांच्या उजेडात चार फोटो काढून ते शेजारी शेजारी ठेवले की नुसत्या डोळ्यांना न दिसलेलंही वाचता येतं.

पायरी पहिली: व्यास आणि वजन

या काळातल्या ब्राँझ नाण्यांची त्यांच्या काळची नावं फारशी टिकलेली नाहीत, म्हणून संग्राहक व्यासावरून चार वर्ग करतात. ‘एई’ म्हणजे ब्राँझ: २५ मिमीपेक्षा मोठं ते एई १, २१ ते २५ मिमी ते एई २, १७ ते २१ मिमी ते एई ३ आणि त्याहून लहान ते एई ४. व्यास दोन दिशांनी मोजा, कारण हाताने पाडलेली असल्याने नाणी क्वचितच पूर्ण गोल असतात. वजनाला जास्त मान द्या, पण मातीचा जाड थर असेल तर वजन फसवं निघतं आणि खूप गंजलेलं नाणं हलकं भरतं.

डायोक्लिशियनचं मोठं नाणं, ज्याला आज फॉलिस किंवा नुम्मुस म्हणतात, सुमारे १० ग्रॅम आणि २७-२८ मिमीचं होतं. तांब्यात थोडी चांदी मिसळून वर चांदीचा पातळ मुलामा दिलेला असे. हेच नाणं पुढे घटत गेलं. ३१३ नंतर ते सुमारे साडेतीन ग्रॅमवर, ३३० ला अडीच ग्रॅमच्या आसपास, आणि ३३६ च्या सुमारास दीड ग्रॅमच्या थोडं वर आलं. ही घसरण लक्षात ठेवली की वजनकाटा स्वतःच तारीख सांगू लागतो.

पायरी दुसरी: मागची नक्षी

सगळ्या नक्ष्या पाठ करायची गरज नाही. बाजारात येणाऱ्या नाण्यांतली बरीचशी पुढच्या मोजक्या प्रकारांत बसतात.

मोठ्या जड नाण्यावर हातात थाळी आणि धान्यशृंग (फळं-धान्याने भरलेलं शिंग) घेतलेला, जवळजवळ उघडा उभा पुरुष असेल तर तो रोमन जनतेचा रक्षक देव, ‘गेनियो पोपुली रोमानी’. काळ २९४ पासून पुढचा. सूर्यकिरणांचा मुकुट घातलेला, हात वर केलेला सूर्यदेव, ‘सोली इन्व्हिक्टो कोमिटी’, ३१० च्या दशकातला. गोळा ठेवलेली वेदी, ‘बेआटा ट्रँक्विलिटास’, ३२१ ते ३२४ मधली आणि फक्त लंडन, लियाँ, त्रिअर या पश्चिमेकडच्या टांकसाळींची. विटांचं छावणीचं दार, वर दोन बुरूज आणि मध्ये तारा, ‘प्रोव्हिडेन्शिए’, ३२४ ते ३३०.

यानंतर येतं ते सगळ्यात जास्त भेटणारं नाणं. भाला-ढाल घेतलेले दोन सैनिक समोरासमोर, मध्ये लष्करी निशाण, भोवती ‘ग्लोरिया एक्झर्सिटुस’. मध्ये दोन निशाणं असतील तर ३३० ते ३३५, एकच असेल तर ३३५-३६ ते ३४१. झिजलेल्या नाण्यावर दोन निशाणं एकमेकांत मिसळून एकच वाटतात, आणि इथे बरेच जण चुकतात. अशा वेळी निशाणं मोजत बसू नका, वजन करा. १७-१८ मिमी आणि दोन ग्रॅमच्या वर असेल तर बहुधा दोन निशाणांचं, १५-१६ मिमी आणि १.८ ग्रॅमच्या खाली असेल तर बहुधा एका निशाणाचं. याच काळात दोन स्मारक नाणी निघाली: ‘उर्ब्स रोमा’ लिहिलेल्या शिरस्त्राणधारी रोमादेवीच्या मागे जुळ्या बाळांना पाजणारी लांडगी, आणि ‘कॉन्स्टंटिनोपोलिस’च्या मागे जहाजाच्या नाळेवर उभी विजयदेवता. यांवर सम्राटाचं नाव नसतं. ते शोधत वेळ घालवू नका.

३४१ ते ३४८ मध्ये पश्चिमेला दोन विजयदेवता समोरासमोर, पूर्वेला पानांच्या हारात ‘व्होट २० मुल्ट ३०’, आकडे रोमन (वीस वर्षांच्या राज्याचे नवस, पुढे तीससाठी). ३३७ मध्ये कॉन्स्टंटाइन पहिला गेल्यावर त्याच्या स्मृतीचीही नाणी आली. त्यावर चार घोड्यांच्या रथातून वर जाणारा सम्राट आणि त्याला घ्यायला आकाशातून आलेला हात. मृत सम्राटाला देव मानण्याची मूर्तिपूजक प्रथा आणि ख्रिस्ती देवाचा हात १५ मिमीच्या एका चकतीवर एकत्र येतात. संग्रहात हे एक तरी असावं.

३४८ ला ‘फेल टेम्प रेपाराटियो’ मालिका सुरू झाली, म्हणजे सुखाचे दिवस परत आले अशी घोषणा. त्यात झोपडीतून एका लहानग्याला बाहेर काढणारा सैनिक, गोळ्यावर बसलेला फिनिक्स पक्षी, जहाजावर उभा सम्राट असे प्रकार आहेत. पण सर्वात जास्त मिळतं ते घोड्यावरून पडणाऱ्या शत्रूला भाल्याने भोसकणारा सैनिक. आधीची नाणी २२-२४ मिमीची, ३५३ च्या आसपासपासून १७-१९ मिमीची. पडणारा स्वार हात वर करतोय, घोड्याच्या मानेला धरतोय की मागे वळून सैनिकाकडे पाहतोय, यावरून पोटप्रकार ठरतात, म्हणून भिंग तिथे थोडा वेळ थांबवा. ३५० ते ३५३ मध्ये गॉलमध्ये (आजचा फ्रान्स) बंड करून राज्य केलेल्या मॅग्नेन्शियसचं मोठं नाणं मात्र दुरूनही ओळखता येतं. मागे पूर्ण चकती भरून ख्रिस्ताचं काय-रो चिन्ह (त्याच्या ग्रीक नावाची पहिली दोन अक्षरं), दोन्ही बाजूंना अल्फा आणि ओमेगा.

३६१ ते ३६३ मधलं ज्युलियनचं मोठं बैलाचं नाणं ओळखायला सोपं आहे. ३६४ नंतर व्हॅलेन्टिनियन आणि व्हॅलेन्सच्या राज्यात दोनच नक्ष्यांचा पूर येतो: कैद्याला केसांनी ओढणारा सम्राट, ‘ग्लोरिया रोमानोरुम’, आणि डावीकडे चालणारी विजयदेवता, ‘सेक्युरिटास रेइपुब्लिकए’. ३८३ नंतर नाणी १२-१४ मिमीवर येतात. त्यांतली कैद्याला ओढणारी विजयदेवता, ‘सालुस रेइपुब्लिकए’, सर्वात जास्त दिसते. इथून पुढे ठसा धातूच्या चकतीपेक्षा मोठा असल्याने अर्धी अक्षरं नाण्याबाहेरच राहिलेली असतात. अशा नाण्याची ओळख ‘३८८ नंतर, टांकसाळ अज्ञात’ अशी थांबली तरी ती पुरी ओळख आहे, ओढून-ताणून नाव लावू नये.

पायरी तिसरी: टांकसाळीची खूण

मागच्या बाजूला चित्राखाली आडवी रेघ असते. तिच्याखालच्या अक्षरांत टांकसाळ आणि तिच्यातला विभाग लिहिलेला असतो. सुरुवातीला ‘एसएम’ म्हणजे ‘साक्रा मोनेटा’ (पवित्र, म्हणजे शाही टांकसाळ) येऊ शकतं. मधली अक्षरं शहराची.

टीआर म्हणजे त्रिअर, एलजी लियाँ, एक्यू अ‍ॅक्विलेइया, आर रोम, एसआयएस म्हणजे सिस्किया (आजच्या क्रोएशियातलं सिसाक), एसआयआरएम सिर्मियम, टीएस थेस्सलोनिका, एच हेराक्लेआ, एन निकोमेडिया, के सिझिकस, एएन किंवा एएनटी अँटिऑक, एएल किंवा एएलई अलेक्झांड्रिया. एलओएन म्हणजे लंडन, आणि ही टांकसाळ ३२५ च्या सुमारास बंद झाली. लंडनची खूण आणि त्यानंतरची नक्षी एकत्र दिसली तर काहीतरी चुकीचं वाचलं गेलंय.

विभागाचं अक्षर वाचताना दोन खाचखळगे आहेत. पश्चिमेकडे विभाग लॅटिन क्रमाने लिहीत: पी, एस, टी, क्यू, म्हणजे पहिला ते चौथा. पूर्वेकडे ग्रीक अक्षरांनी: अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन. ग्रीक सहाचा आकडाही एस सारखाच दिसतो. त्यामुळे तेच अक्षर पश्चिमेला दुसरा विभाग सांगतं आणि पूर्वेला सहावा. काही टांकसाळी नवव्या विभागासाठी थीटाऐवजी डेल्टा आणि एप्सिलॉन जोडून, चार अधिक पाच, असं लिहीत.

दुसरा खळगा फार जणांना फसवतो. ३२८ मध्ये आर्ल शहराला कॉन्स्टंटिना हे नाव मिळालं, म्हणून आर्लच्या नाण्यांवरही ‘कॉन्स्ट’ येतं आणि कॉन्स्टंटिनोपलच्याही ‘कॉन्स’. यावर नियम साधा आहे. विभागाचं अक्षर आधी असेल, जसं पी-कॉन्स्ट, तर आर्ल. शेवटी ग्रीक अक्षर असेल, जसं कॉन्स-ए, तर कॉन्स्टंटिनोपल. सोन्याच्या नाण्यावरचं ‘कॉनॉब’ याहून वेगळं. त्यातला ‘ऑब’ शुद्ध सोनं दाखवतो, आणि ग्रीक आकड्यांत तीच अक्षरं ७२ होतात. एका रोमन पौंडातून अशी ७२ सोन्याची नाणी, म्हणजे सॉलिडस, पाडत, म्हणून प्रत्येक साधारण साडेचार ग्रॅमचं.

रेघेवर, सैनिकांच्या मध्ये किंवा बाजूला ठिपका, तारा, पान, चंद्रकोर अशी बारीक चिन्हंही असतात. ती शोभेची नाहीत. एका टांकसाळीतली एक खेप दुसरीपासून वेगळी ओळखण्यासाठी ती असत आणि सूचीतला नेमका क्रमांक बहुधा त्यांच्यावरच अवलंबून असतो.

पायरी चौथी: पदवी, डोकं, मग नाव

पुढच्या बाजूला लेखाचा, म्हणजे कडेने कोरलेल्या अक्षरांचा, शेवट आधी वाचा. ‘पी एफ एव्हीजी’ किंवा नुसतं ‘एव्हीजी’ असेल तर तो ऑगस्टस, म्हणजे पूर्ण सम्राट. ‘एनओबी सी’ किंवा ‘एनओबी सीएईएस’ असेल तर सीझर, म्हणजे कनिष्ठ सहराज्यकर्ता. मग डोकं पाहा. ३२४ च्या सुमारापर्यंत ऑगस्टसच्या डोक्यावर साधारणपणे पानांचा हार असतो, पुढे मोत्यांचा किंवा रत्नांचा पट्टा येतो. चौथ्या शतकाच्या मध्यावर उघडं डोकं दिसलं तर ते सहसा सीझरचं. मॅग्नेन्शियस मात्र ऑगस्टस असूनही उघड्या डोक्याचा दिसतो. घोडेस्वाराच्या नाण्यावर ‘कॉन्स्टंटियुस’ आणि उघडं डोकं असेल तर तो कॉन्स्टंशियस दुसरा नव्हे, गॅलस.

नाव पुसलं असेल तर लेख कुठे तुटतो ते बघा. डोक्याच्या वर एक मोकळी जागा असते. तिच्या उजवीकडचं पहिलं अक्षर पुष्कळदा निकाल लावतं. उजवीकडे ‘टीआयव्हीएस’ सुरू होत असेल तर कॉन्स्टंशियस, ‘एनएस’ असेल तर कॉन्स्टन्स. ‘व्हॅलेन’ नंतर तुटून नुसता ‘एस’ आला तर व्हॅलेन्स, ‘व्हॅलेन्टिनि’ नंतर तुटून ‘एएनव्हीएस’ आला तर व्हॅलेन्टिनियन. कॉन्स्टंटाइन बाप-लेकांत बापाच्या नावापुढे ३२४ नंतर पुष्कळदा ‘मॅक्स’ असतं, आणि सीझर असलेल्या मुलाच्या नावापुढे ‘आयव्हीएन’, म्हणजे धाकटा.

एक उदाहरण पूर्ण करू. १७.५ मिमी, २.२ ग्रॅम, मागे दोन सैनिक. वजनावरून दोन निशाणं, म्हणजे ३३० ते ३३५. खाली ‘एसएमटीएस’ आणि शेवटी त्रिकोण (ग्रीक डेल्टा), म्हणजे थेस्सलोनिका, चौथा विभाग. पुढे डावीकडे ‘कॉन्स्टंटि...’, उजवीकडे शेवटी ‘एनओबी सी’, मध्ये काहीच नाही. सीझर आहे म्हणून बाप बाद. ‘टी’ नंतर ‘आय’ आला म्हणून कॉन्स्टन्स बाद. उरले कॉन्स्टंटाइन दुसरा आणि कॉन्स्टंशियस दुसरा. आता तिरप्या उजेडात फक्त एकच अक्षर शोधायचं, ‘एन’ की ‘यू’च्या जागचा ‘व्ही’. मधला भाग गेलाच असेल तर सुरुवात बघा. ‘एफएल आयव्हीएल’ असेल तर कॉन्स्टंशियस.

सूची क्रमांकासाठी ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या सूचीग्रंथाचे खंड ६ ते १० लागतात: सहावा २९४ ते ३१३, सातवा ३१३ ते ३३७, आठवा ३३७ ते ३६४, नववा ३६४ ते ३९५, दहावा ३९५ ते ४९१. खंड टांकसाळीप्रमाणे लावलेले आहेत, म्हणून खूण वाचता आली नाही तर तिथे शोधणं फार कठीण. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीची ‘ओक्रे’ ही मोफत ऑनलाइन सूची त्याच क्रमांकांवर बांधलेली आहे आणि अर्धवट लेखावरूनही शोध घेऊ देते.

स्वच्छता: कमी करा, हळू करा

जमिनीत दीड हजार वर्षं राहिलेल्या ब्राँझचा मूळ पृष्ठभाग धातूत उरलेला नसतो, तो हिरव्या-तपकिरी कठीण थरात असतो. अक्षरं त्या थरातच आहेत. म्हणून चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितांबरी यांतलं काहीही लावलं तर आतून खड्डे पडलेला लालसर तांब्याचा तुकडा हाती येतो आणि तो परत नाणं होत नाही.

बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणी बुडवा. पहिले चार दिवस पाणी रोज बदला, मग आठवड्याला. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. दर वेळी मऊ टूथब्रशने घासा, अक्षरांच्या खाचांतली माती लाकडी टूथपिकने भिंगाखाली काढा. काही नाण्यांना महिना लागतो, काहींना चार. ऑलिव्ह तेलात भिजवण्याची पद्धत प्रसिद्ध आहे, पण तेल किंचित आम्ल असतं, थर काळवंडतो आणि ते नंतर पूर्ण निघत नाही. पाणी पुरतं. मुलामा दिलेल्या नाण्यावर चांदीची झाक दिसली की ब्रशही थांबवा.

फिकट हिरवी, नखाने भुकटीसारखी निघणारी बुरशीवजा पूड दिसली तर तो ब्राँझचा रोग. धातूत अडकलेले क्लोराइड हवेतल्या ओलाव्याशी मिळून तांबं खात राहतात. मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात हा रोग फार वेगाने वाढतो. नाणं लगेच वेगळं करा, पूड टूथपिकने काढा. १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये २३ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा आणि १९ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा. सोडा स्फटिकरूप असेल तर त्यात पाणी असतं, तेव्हा ६३ ग्रॅम घ्यावा लागतो. नाणं त्यात काही आठवडे ठेवा, द्रावण दर आठवड्याला बदला. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये आठवडाभर धुवून दिव्याखाली पूर्ण सुकवा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. पुढचा पावसाळा हीच खरी परीक्षा.

साठवण हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह करा. पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की भाजून पुन्हा वापरा. पीव्हीसीचे मऊ पाकीट टाळा. त्यातून आम्ल सुटतं आणि नाण्यावर चिकट हिरवा थर बसतो.

नकली, जुनी नकल आणि कायदा

साध्या एई ३ नाण्यांची आधुनिक नक्कल करणं परवडत नाही. सॉलिडस आणि चांदीच्या सिलिक्वाची मात्र भरपूर होते. कडेवर जोडाची रेघ, पृष्ठभागावर गोल सूक्ष्म बुडबुडे, साबणासारखी बोथट अक्षरं ही ओतीव नाण्याची लक्षणं, कारण खरी नाणी ठोकून पाडलेली असतात. दोन नाण्यांवर एकच ओरखडा एकाच जागी दिसला तर दोन्ही संशयास्पद. याउलट घोडेस्वाराच्या नाण्याच्या वेड्यावाकड्या अक्षरांच्या लहान प्रती ब्रिटन आणि गॉलमध्ये त्याच काळात पाडल्या जात. त्या नकली म्हणून फेकू नका, त्याही इतिहास आहेत.

आपल्याकडचा धागाही खरा आहे. तमिळनाडूत करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रात आणि श्रीलंकेत ही चौथ्या-पाचव्या शतकातली छोटी तांब्याची नाणी पुष्कळ सापडली आहेत, श्रीलंकेत त्यांच्या स्थानिक नकलाही. इतकी झिजलेली की टांकसाळ क्वचितच वाचता येते. अशा सापडलेल्या नाण्याच्या मागे लागू नका. १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं ऐतिहासिक नाणं पुरावस्तू ठरतं आणि व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. इंग्लंडहून नातेवाइकांनी आणलेला संग्रह परत पाठवायचा विचार असेल तर हे आधीच लक्षात घ्या. परदेशात घेताना विक्रेत्याकडून मूळ मालकीचा लेखी उल्लेख मागा. बल्गेरिया, इटली, ग्रीस, सायप्रस इथल्या प्राचीन नाण्यांच्या काही प्रकारांवर अमेरिकेने आयातबंदी घातलेली आहे, तिथल्या मराठी संग्राहकांना कागदाशिवाय अडचण येते.

प्रत्येक नाण्याच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: व्यास, वजन, दोन्ही बाजूंचा लेख जसा दिसतो तसा (न दिसणारी अक्षरं कंसात), टांकसाळीची खूण, सूची क्रमांक, कुणाकडून, कधी, किती किमतीला, आणि कुठे सापडलं ते माहीत असेल तर ते ठिकाण. अंदाज असेल तिथे प्रश्नचिन्ह करा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई पावसाळ्यात फुटते.